अर्ध्या पटांगणाचं ऊन

मे महिना आला की मला राग येतो. इतरांना आंबे आठवतात, मोगरा आठवतो. मला आठवते एक सुनावणी.

परवा सकाळी दूध घ्यायला खाली उतरले, तर आमच्या दादरच्या बिल्डिंगच्या फाटकावर कागद चिकटवलेला. शेजारच्या शाळेच्या मैदानाचा काही भाग म्हणे गाड्या उभ्या करायला घेणार आहेत. कुणाची हरकत असेल तर लेखी कळवा. वॉचमनला विचारलं, "हा कधी लागला रे?"

"कल शाम को, आजी. पण वाचणार कोण? सगळे गावाला गेलेत."

बोलला ते खरं होतं. मे महिन्यात या शहरात वाचायला असतं कोण? निम्म्या खोल्यांना कुलपं, शाळा बंद, मैदानावर धुळीशिवाय कुणी नाही. कागद लावणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. माझी सून म्हणते, "आई, योगायोग असेल." असेल बाई. पण हा योगायोग दर वर्षी वैशाखातच कसा होतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात रागावू नका, रक्तदाब वाढतो. वाढू दे. काही गोष्टींवर रागावणं सोडलं तर माझ्याजवळ त्या उन्हाळ्याचं उरेल काय?

तो उन्हाळा द्विभाषिक राज्याच्या दिवसांतला. मी गिरगावातल्या वाडीतून लग्न होऊन लालबागला आले होते. मॅट्रिक झालेली, इंग्रजी चौथीपासून शिकलेली, आणि गिरणगावाबद्दल काहीही माहीत नसलेली. सासरचे लोक देवगडकडचे. दोन खोल्या, पहिला मजला, आणि मागच्या बाजूला एक खिडकी. त्या खिडकीनं मला वाचवलं. गिरगावातल्या वाडीत उजेड विहिरीत पडल्यासारखा वरून, उसना यायचा. इथे खिडकी उघडली की समोर अख्खं पटांगण, आणि त्यावर ऊन. इतकं ऊन मी घरात बसून कधी पाहिलं नव्हतं.

पटांगणाच्या पलीकडे आणखी एक चाळ होती. तिला सगळे 'मागची चाळ' म्हणायचे. तिच्या दारात उभं राहून पाहिलं तर मागची आमची होती, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

मागच्या चाळीतल्या बहुतेक घरांनी नुकतीच दीक्षा घेतली होती. जुने देव उतरवून भिंतीवर बुद्धाची तसबीर लावलेली. दोन्ही चाळींतले पुरुष एकाच भोंग्याला उठायचे, एकाच फाटकातून गिरणीत शिरायचे. मराठी राज्यासाठी मोर्चा निघाला की खांद्याला खांदा लावून एकच घोषणा द्यायचे. गोळीबारात गेलेल्या पोरांना श्रद्धांजली वाहायला याच पटांगणावर सभा झाली, तेव्हा दोन्ही चाळींतल्या बायका एकत्र रडल्या होत्या. पण सभा संपली, सतरंज्या उचलल्या, आणि पटांगणावर पुन्हा ती रेघ आली. कुणी मारलेली नव्हती, दिसत नव्हती. आमचं वाळवण इकडे, त्यांचं तिकडे. वाऱ्यानं आमचं लुगडं उडून पलीकडे पडलं, तर तिकडची बाई ते काठीनं उचलून इकडे सरकवायची, आणि इकडची बाई ते पुन्हा पाण्यात बुडवून काढायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या सासूनं बुडवलं होतं.

मे महिन्यात त्या पटांगणाला जो वास यायचा, तो मला आजही ओळखता येईल. तिखटासाठी पसरलेल्या मिरच्या, कोकमाची ओली सोलं, सुक्या बांगड्यांचे हार, पापडाचा हिंग, आणि या सगळ्यावरून येणारा गिरणीच्या धुराचा कडवट पदर. चिमणीतून काजळी पडायची म्हणून पापडांवर जुनी मलमल टाकायची. बायका दुपारभर सावलीच्या कडेनं सरकत सरकत राखण करायच्या. ऊन पुढे गेलं की चटया पुढे, बायका मागे. गप्पा मात्र रेघ जुमानत नसत. भाव काय, पाणी कधी येणार, कुणाच्या पोराला पोलिसांनी धरलं, हे सगळं मोठ्या आवाजात इकडून तिकडे जायचं.

ताराबाई मागच्या चाळीत तळमजल्यावर राहायची. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, काळीसावळी, उंच, चालताना कुणाला वाट न देणारी. तिच्या नवऱ्यानं कापूस पिंजायच्या खात्यात उमेद घालवली आणि छातीचा आजार घरी आणला. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध एकच, मोकळी हवा आणि कोवळं ऊन. ती पाळीला जायच्या आधी दाराबाहेर बाज टाकायची, त्याला धरून आणून बसवायची, पाठीमागे उशी लावायची. मी खिडकी उघडायची तेव्हा तो दिसायचा. डोक्याला फडकं, उन्हाकडे पाठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. खोकल्याची उबळ आली की बाजेची दोरी करकरायची.

एका दुपारी खालून हाक आली. "ओ वहिनी, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं म्हणे. जरा खाली येता का?"

ताराबाई माझ्या खिडकीखाली उभी होती. सासूबाई आत मिरच्यांची देठं काढत होत्या. म्हणाल्या, "खंय जातंस?"

"खाली. काहीतरी वाचायचंय."

"वाच, आणि लगेच वर ये."

पटांगणाच्या तोंडाशी पानवाल्याची फळी होती. तिच्यावर नोटीस डकवली होती. नोटीस इंग्रजीत. ज्या वस्तीत मराठी राज्यासाठी माणसं छातीवर गोळ्या झेलून आली होती, त्या वस्तीला तिची जमीन जाणार असल्याचं इंग्रजीत कळवलं होतं. मी वाचत गेले आणि सांगत गेले. दोन चाळींमधली ही जागा लाकडाच्या वखारीसाठी द्यायचं घाटत आहे. रे रोडच्या कुणा व्यापाऱ्याचा अर्ज आहे. हरकत असल्यास कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, टाऊन प्लॅनिंगच्या कचेरीत यावं.

"आणि हे काय लिहिलंय?" तिनं बोट ठेवलं. तो शब्द नेमका ठळक होता.

"व्हेकंट. म्हणजे रिकामी. जागा रिकामी आहे, असं म्हणतायत."

ताराबाईनं मागे वळून पाहिलं. चटयांवर मिरच्या होत्या, दोरीवर गोधड्या होत्या. बाजेवर तिचा नवरा बसला होता.

"रिकामी?" ती म्हणाली. "मग हा माणूस कुठं बसलाय?"

मी काय ती नोटीस लिहिली नव्हती. तरी मान खाली गेली.

संध्याकाळी ही बातमी परबांकडे गेली. परब आमच्या चाळकमिटीचे सेक्रेटरी. गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, चळवळीत पुढे, दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. त्यांचं भाषण ऐकलं की अंगावर काटा यायचा. "मुंबईचा एक दगडही कुणाला देणार नाही," असं म्हणताना ते मूठ अशी आवळायचे की जणू तो दगड तिच्यातच आहे. परब लगेच उठले. चाळीतले निम्मे पुरुष बोटीनं गावाला गेलेले, उरलेल्यांना पाळी सुटेना. म्हणाले, "बायका चला. मी रजा टाकतो." आणि मग हळूच मला म्हणाले, "वहिनी, मागच्या चाळीला कशाला न्यायचं? सायबासमोर गोंधळ नको. त्यांचंही आपणच मांडू की."

मी म्हटलं, "त्यांना माझं सांगून झालंय."

ट्रामच्या थांब्यावर ताराबाई आमच्या आधी येऊन उभी होती. गिरणीत खाडा करून. अंगावर इस्त्री केलेलं लुगडं होतं. ट्राममध्ये आमच्या चाळीतल्या बायका एका बाकावर दाटीवाटीनं बसल्या आणि ताराबाईशेजारची जागा मोकळी राहिली. मी तिथं जाऊन बसले. त्यात काही पराक्रम नव्हता. मला उभं राहून घेरी यायची, दिवस गेले होते. पण आमच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं ते मला दिसलं.

त्या कचेरीचा जिना थंडगार होता. आत उंच छत, गरगरणारे पंखे, आणि पट्टेवाला. "साहेब कामात आहेत." आम्ही बाकावर बसलो. साहेब जेवायला गेले. आम्ही बाकावर बसलो. ज्याला काम असतं त्याला बसवून ठेवायचं, म्हणजे तो आत येईपर्यंत निम्मा दमलेला असतो, ही युक्ती तेव्हाही जुनी होती. काल मी हरकत द्यायला गेले तेव्हाही मला बसवून ठेवलं. आता पंख्याच्या जागी एसी आहे आणि पट्टेवाल्याच्या जागी काच, एवढाच फरक. काचेतून एक मुलगी म्हणाली, "ऑनलाइन टाका ना, आजी." मी म्हटलं, "तोंडाला पानं पुसू नकोस. घे आणि शिक्का मार." तिनं मारला. पोरगी वाईट नव्हती.

आत गेलो आणि मी साहेबांना ओळखलं. ते गिरगावातले. जुनं घराणं, वाडीचे मालक. लहानपणी त्यांच्या घरच्या गणपतीची आरास बघायला आम्ही पोरी नटूनथटून जायचो. त्यांच्या आईनं माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवलेले मला आठवत होते. त्या घरात सगळे शुद्ध, गोड मराठी बोलायचे. साहेब मात्र आमच्याशी इंग्रजीत बोलू लागले. मी ऐकायची आणि मराठीत सांगायची.

ताराबाईनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग मला विचारलं, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं, "साहेब मराठी नाहीत का?"

"मराठीच आहेत."

"मग तुम्ही मध्ये कशाला?"

साहेबांचे कान लाल झाले. परबांनी संधी सोडली नाही. टेबलावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, भाषेपायी आमची पोरं मेलीत. निदान या खोलीत तरी मराठी बोला." मला त्या क्षणी परबांचा अभिमान वाटला होता. तो खोटा नव्हता. माणूस एका दिवशी खरा असतो, दुसऱ्या दिवशी नसतो, एवढंच.

साहेब मराठीत आले. नकाशा उलगडला. आमची चाळ एक चौकोन, मागची चाळ एक चौकोन, आणि मध्ये कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "या जागेचा आपण नेमका उपयोग काय करता?"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. वाळवण. गणपतीचा मांडव. लग्नाच्या पंगती. तिरडी कुठं बांधायची, जिन्यात? पोरं खेळणार कुठं, ट्रामच्या रुळांवर? साहेब शांतपणे ऐकत होते. त्यांनी हात वर केला.

"हे सगळं प्रासंगिक आहे. पापड दोन आठवडे, गणपती दहा दिवस. रोजचा, कायमचा असा वापर सांगा."

"माझा नवरा रोज बसतो," ताराबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"छातीचा आजार आहे. उन्हात बसतो."

"बाई, आजारी माणसासाठी इस्पितळं आहेत."

"इस्पितळानंच उन्हात बसवा म्हणून घरी पाठवला, साहेब. तिथं खाट नव्हती."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. "मी जागा बघायला येईन," म्हणाले.

ते येणार त्या दिवशी सकाळपासून पटांगणावर जे झालं, ते कुणी ठरवलं हे मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, ते शब्दानं पेटवलं. 'रिकामी' हा शब्द एव्हाना दोन्ही चाळींच्या जिन्यांवरून फिरला होता, आणि प्रत्येक बाईला तो स्वतःला दिलेल्या शिवीसारखा लागला होता. घरात होतं नव्हतं ते बायकांनी खाली आणलं. पापड, कुरडया, मिरच्या, सोलं, धुतलेले गहू, गाद्या, गोधड्या, उशांतला कापूस. आमच्या बाजूची जागा भरली. त्यांच्या बाजूची भरली. मधला पट्टा तेवढा राहिला, जिथं ती रेघ होती. कुणीच तिथं काही पसरेना. मग माझी सासू सुपात पापड घेऊन उठली, चटई ओढत नेली आणि बरोबर मध्ये घातली. पलीकडून एका म्हातारीनं आपलं लुगडं तिच्या चटईला टेकवून अंथरलं आणि त्यावर सांडगे मांडले. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. पण पापड आणि सांडगे शेजारी शेजारी वाळू लागले, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

साहेब आले. बरोबर व्यापाऱ्याचा माणूस. पटांगणाच्या तोंडाशी येऊन दोघे थांबले. पाय ठेवायला जागा नव्हती. त्या माणसानं बुटासकट पाऊल टाकलंच, आणि पापड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"रे मेल्या!" सासूबाई ओरडल्या. "पायतणां काढ पयली!"

तो मागे सरला. साहेबांनी मात्र खरोखरच बूट काढले. मोज्यांवर, भर दुपारी, तापलेल्या जमिनीवर ते कडेकडेनं चालले. चटके बसत होते, ते लपत नव्हतं. कुणी हसलं नाही. ताराबाईच्या नवऱ्याजवळ ते थांबले. तो उठायला लागला, तर "बसा, बसा" म्हणाले. म्हणाले, आणि त्याच्या पलीकडची भिंत, खिडक्या, दारं असं सगळं बघत राहिले. जाताना परबांना सांगितलं, "मी नोंद घेतो." आम्हाला वाटलं, जिंकलो. त्या संध्याकाळी चटया गोळा करताना दोन्ही चाळींतल्या बायकांनी एकमेकींचं वाळवण ओळखून परत केलं. काठीनं नाही, हातानं.

निकाल पावसाळ्यात आला. परब स्वतः घरोघरी पेढे घेऊन फिरले.

"वहिनी, तोंड गोड करा. अर्धं पटांगण वाचलं."

मी पेढा हातात धरला. "अर्धं? कुठलं अर्धं?"

"आपलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि पोटातलं बाळ हललं की माझं काळीज हललं, कोण जाणे. साहेबांनी परबांना एकट्याला कचेरीत बोलावून घेतलं होतं. सगळी जागा सोडता येणार नाही, अर्धी देतो, कुठली अर्धी ते तुम्ही सांगा, असं विचारलं होतं. आणि परबांनी नकाशावर बोट ठेवलं होतं. मी त्यांना लपवाछपवी करण्याचंही श्रेय देऊ शकत नाही. त्यांनी उघड सांगितलं.

"सगळं जाण्यापेक्षा अर्धं बरं की नाही? मी या चाळीचा सेक्रेटरी आहे, वहिनी. मी या चाळीचं बघणार."

"आणि ताराबाई? ती आपल्याबरोबर आली होती. ते पटांगण कुणामुळं वाचलं?"

"त्यांची त्यांनी कमिटी करावी," परब म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

त्याच आठवड्यात नाक्यावर त्यांची सभा होती. खिडकीत बसून मी ऐकलं. एक दगडही देणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या हातातला तांब्या मी इतक्या जोरात ठेवला की सासूबाई दचकल्या. निकालाच्या दिवशी त्यांनी पेढा दिवसभर कोनाड्यात ठेवला होता. म्हणाल्या, "तेंच्या घरातलो उजेड दिवक आमी कोण?" पेढा त्यांनी टाकला नाही, अन्न टाकायचं नसतं म्हणून दुसऱ्या दिवशी खाल्ला. पण त्या दिवसापासून परब समोरून आले की त्या पदर पुढे ओढून वाट बदलायच्या.

मी ताराबाईकडे गेले. आधी कधी त्यांच्या दारात गेले नव्हते. ती भाकऱ्या थापत होती. मी पाठ केलेलं बोलले. "ताराबाई, बाज आमच्या अर्ध्यात टाका. कुणी काही म्हणालं तर मी बघते."

तिनं भाकरी उलटली. "तुमच्या अर्ध्यात? वहिनी, काल ते पटांगण होतं. आज तुमचं अर्धं कधी झालं?"

"माझ्या मनात तसं नव्हतं हो."

"तुमच्या मनात नाही, ठाऊक आहे मला. पण आज तुम्ही बसा म्हणणार, उद्या परब उठा म्हणणार. माझ्या माणसाला दम लागतो. त्याला असं उठबस जमत नाही."

तिनं मला चहा दिला. मी प्यायले.

वखार दिवाळीनंतर उभी राहिली. तिची भिंत मागच्या चाळीच्या दारांपासून हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. सागाच्या लाकडाचा वास वाईट नसतो, उलट लोक म्हणतात सुरेख असतो. पण भुशाचा कण खोकणाऱ्या माणसाच्या छातीत काय करतो, ते आम्ही ऐकत होतो. बाज टाकायला जागा राहिली नाही. थंडी सरायच्या आत ताराबाईनं नवऱ्याला साताऱ्याकडे गावी पाठवलं. "तिथं ऊन आहे," एवढंच म्हणाली. मुंबईत मजुरीला आलेला माणूस मी पाहिला होता, शिकायला आलेला पाहिला होता. ऊन मिळत नाही म्हणून मुंबईतून गावाला गेलेला माणूस मी तो एकच पाहिला. तो परत आला नाही. तार आली तेव्हा ताराबाई पाळीवर होती.

आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा नोटीस. आता वखारीवर आणखी मजला चढवायचा होता. पुन्हा चाळी निम्म्या रिकाम्या, पुन्हा बोटी भरून गावाला गेलेल्या. परब म्हणाले, "आपला काही संबंध नाही." संबंध नाही! वर्षापूर्वी त्याच नकाशावर ज्यांचं बोट होतं, त्यांचा संबंध नाही.

मी सासूबाईंच्या मांडीवर मुलगी दिली आणि निघाले. नवऱ्यानं विचारलं, "आपल्याच चाळीविरुद्ध जाणार?" मी म्हटलं, "हो." त्यांनी ट्रामसाठी सुटे पैसे काढून ठेवले.

आम्ही दोघीच होतो. तोच जिना, तोच बाक, तेच साहेब. या वेळी ते पहिल्यापासून मराठीत बोलले. ताराबाईनं सांगितलं की तळमजल्यावर आधीच अंधार आहे, मजला चढला तर वरच्या खोल्याही जातील. साहेबांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आपण मागच्या चाळीत राहता?"

"नाही. पुढच्या."

"आपल्या बाजूची जागा तर मोकळी आहे. मग आपली हरकत कसली?"

मी घरून काहीच ठरवून आले नव्हते. तोंडातून आलं ते असं. "साहेब, उजेड यांचा गेला. पण तो देऊन टाकला आमच्या चाळीनं. आमचा नसताना दिला. तुम्ही आम्हाला विचारलंत, यांना विचारलं नाहीत. ती माझी हरकत आहे. आमच्याविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध."

साहेब पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले. मला वाटलं, आता हाकलून देणार. पण त्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं.

मजला नामंजूर झाला. त्याचे पेढे कुणी वाटले नाहीत. आमच्या चाळीत त्या वर्षी माझ्या हळदीकुंकवाला तीन बायका आल्या, चौथी सासू. मागच्या चाळीच्या वरच्या मजल्यांवरचा उजेड राहिला. तिथली पोरं खिडकीत बसून अभ्यास करताना मला अजून दिसतात, नंतर त्यातली कितीतरी बँकेत लागली, मास्तर झाली, एक डॉक्टर झाली. पण वखारीचा तळमजला कुणी पाडला नाही. जे उभं राहिलं ते उभंच राहतं, हा या शहराचा कायदा आहे, बाकीचे कायदे त्याच्या नंतरचे. ज्या बाईनं दोनदा खाडे करून तो जिना चढला, तिची खोली तळमजल्यावर होती.

मग एक मे आला, तो मोठा एक मे. आपलं राज्य झालं. आदल्या संध्याकाळपासून लालबाग-परळ पेटल्यासारखं उजळलं होतं. तोरणं, पताका, ढोल, गुलाल. पुढच्या चाळीत रोषणाई, मागच्या चाळीतही रोषणाई. मी आनंदात नव्हते असं म्हटलं तर खोटं होईल. मीही नाचले, मीही ओरडले, गळा बसेपर्यंत. तो आनंद मिळवलेला होता, आणि त्यात ताराबाईचाही वाटा होता, मोर्चात तिनंही लाठ्या खाल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी घेऊन मी तिच्याकडे गेले. दुपारचे बारा वाजले असतील. डांबर वितळेल असं ऊन होतं, वखारीचे पत्रे डोळ्यांत घुसत होते. भिंतीच्या आणि चाळीच्या मधल्या बोळातून मी आडवी होऊन गेले. दार उघडंच होतं. ताराबाई पाळीवरून येऊन तांदूळ निवडत बसली होती. परात मांडीवर घेतली होती, आणि तिच्याशेजारी जमिनीवर कंदील पेटवून ठेवला होता.